कळंबोलीची माणसं

ज्या माणसाला त्याच्याच बिल्डिंगखाली उभं राहून शिव्या घातल्या, त्यालाच तिथून खांदा द्यायची वेळ माझ्यावर आली.

आज काकांचा स्मृतिदिन.
नाव लिहीत नाही. आमच्यात तसा नियम आहे. बाकीचं त्यांच्या मुलीला विचारून लिहितोय.

नव्वदचं दशक. नेरूळ.
कॉलेज अर्धवट सोडलेलं. कुणी विचारलं की 'प्रेमभंग' सांगायचो. ऐकायला बरं वाटायचं. खरं म्हणजे दुपारपासूनच तोंडाला वास यायचा, वर्गात बसणार कसा?

ती मागच्या सोसायटीत राहायची. तिचं लग्न ठरलं आणि मी टाईट होऊन तिच्या बिल्डिंगखाली गेलो. गणपतीचे दिवस, संध्याकाळच्या आरतीची वेळ.

"ओ सासरेबुवा! खाली या! हिंमत असेल तर या!"

पुढचं लिहिण्यासारखं नाही.
आरती थांबली. सगळ्या गॅलऱ्या भरल्या.

काका, म्हणजे तिचे वडील, खाली आले. बनियन आणि लेंगा. मला मारामारीच हवी होती.
ते अगदी जवळ आले. थांबले. मग एक पाऊल मागे सरकले.

"घरी जा, बाळा. जेवून झोप."

बस, एवढंच.
तो 'बाळा' मला कानफटात बसल्यासारखा लागला.

त्यानंतर आई भाजीला मागच्या गल्लीतून जायला लागली. तिनेच कुठूनतरी शोधून काढलं, दारू सोडणाऱ्यांची मीटिंग असते म्हणून.
नेरूळलाही होती. पण नेरूळला कोण जाणार? कुणी बघितलं तर?
मी बस पकडून थेट कळंबोली गाठली. तिथे आपल्याला कोण ओळखतंय!

तिथे पोचल्यावरही विचारायची लाज. मीटिंग टायपिंग क्लासच्या इमारतीत, म्हणून पानवाल्याला म्हटलं, "टायपिंग क्लास कुठाय?"

त्याने मला खालून वर न्याहाळलं.
"टायपिंग वरच्या मजल्यावर. आणि ते दुसरं पायजेल असेल, तर मागच्या दारानं जा. उघडंच असतं."

बालवाडीची खोली. भिंतीवर अननस आणि आगगाडी. गोल मांडलेल्या खुर्च्या.
समोरच्या खुर्चीत काका.

तेही नेरूळ टाळूनच आले होते. ओळखीचं कुणी भेटायला नको म्हणून!

मी वळलोच होतो.
"थांब," काका म्हणाले. शेजारची खुर्ची ओढली. "बस."

मग त्यांची बोलायची पाळी आली. नाव सांगितलं, मी मद्यपी आहे म्हणाले.
"बरीच वर्षं घेतली नाही. पण गणपतीत एक पोरगा बिल्डिंगखाली आला होता. शिव्यांचं काय, मी त्याच्यापेक्षा चांगल्या द्यायचो. पण त्याच्या तोंडाचा वास आला. आणि तो मला आवडला. घाबरलो. तेव्हापासून एक मीटिंग चुकवत नाही."

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

शिव्यांची लाज वाटून घ्यायची माझी तयारी होती.
त्या वासाची लाज कुठे ठेवायची, तेच कळेना.

आणि तरीही परतीच्या बसमध्ये डोक्यात काय आलं?
आता ह्यांचं गुपित आपल्याकडे. परत त्यांच्या बिल्डिंगखाली जायचं, एकदाच ओरडायचं. तिचं लग्नही मोडेल.

काका पुढच्या सीटवर. बाहेर ओळख दाखवायची नाही, हा तिथला नियम. वाटलं, उतरताना तरी म्हणतील, कुणाला सांगू नको रे.
नेरूळ आलं. ते उतरले. मागे वळलेही नाहीत.

माझ्यावर तोपर्यंत कुणी पानाची टपरीसुद्धा सांभाळायला सोडली नव्हती. ह्यांनी अख्खं गुपित सोडलं होतं.
मी नाही ओरडलो. सरळ घरी गेलो.

तिच्या लग्नाच्या दिवशी मी बालवाडीतली ती खुर्ची धरून बसलो होतो. अक्षरशः धरून.
पुढच्या मीटिंगला काकांनी खिशातून रुमालात बांधलेला लाडू काढला. चुरा झालेला.
"मांडवातला आहे. खा. तुला बोलवू शकलो नाही."

दशक संपता संपता काका गेले. हार्ट अटॅक.

त्याच बिल्डिंगखाली तिरडी बांधत होते. आम्ही मीटिंगवाले मागे गेटजवळ उभे. कुणी विचारलं की सगळ्यांचं एकच उत्तर, "ऑफिसमधले."
मलाही एका पाहुण्यांनी विचारलं. मीही तेच ठोकलं.
"कुठल्या डिपार्टमेंटला?"
जन्मात ऑफिस बघितलं नव्हतं.

तेवढ्यात ती आली. डोळे सुजलेले. सरळ आमच्याकडे.

"कळंबोलीचे ना तुम्ही? बाबांनी सांगून ठेवलं होतं मला. कळंबोलीची माणसं मागेच उभी राहतील, त्यांना खांद्याला पुढे बोलव."

मग तिला मी दिसलो.
"तू? तू इथे कसा?"

म्हणजे काकांनी घरात माझं नाव कधीच काढलं नव्हतं. एवढ्या वर्षांत. एकदाही.

वर त्याच गॅलऱ्या, भरलेल्या. ते पाहुणे अजून बाजूलाच. मान वर होईना.
ऑफिसमधला म्हणू शकलो असतो.

"मी पण कळंबोलीचाच," मी म्हटलं.

ती बाजूला झाली.
"मग ये ना पुढे."

काका, तुमच्या बिल्डिंगखाली आज परत जाऊन आलो.
आता घरीच आहे. जेवून झोपतो.