घुंगरं काढलेली काठी

माझं अक्षर चांगलं आहे याचा मला लहानपणापासून ताठा होता. शाळेत फळ्यावरचा सुविचार मीच लिहायची आणि दुसऱ्या कुणी लिहिला तर दिवसभर माझं तोंड फुगलेलं असायचं. पुढं ह्याच अक्षराच्या जोरावर मला जालन्यात नोकरी लागली. बहात्तरचा दुष्काळ सरून एक-दोन वर्षं झाली असतील. तिथल्या एका कॉलेजात मानववंशशास्त्राचं छोटं संग्रहालय उभं राहत होतं आणि काचेच्या कपाटांत वस्तूंखाली ठेवायची कार्डं लिहायला त्यांना माणूस हवा होता. पांढरा जाड पुठ्ठा, काळी शाई, बोरू. वस्तूचं नाव, गाव, जात, वापर, एवढ्या चार ओळी लिहायच्या. मला ते काम फार मानाचं वाटायचं.

संग्रहालय उभारणारे सर पुण्याकडून आले होते. त्यांच्याविषयी वाकडं लिहायचा मोह आजही होतो, पण माणूस सज्जन होता. गावोगावी एस.टी.नं हिंडायचे. मला बरोबर घेऊन आमच्या गावी, वडीगोद्रीच्या अलीकडं, आले तेव्हा पाटलाच्या ओसरीवर बसले तसेच आमच्या बौद्धवाड्यातही येऊन बसले, आमच्या घरी आमच्या कपातून चहा प्याले. ते कुणी बोलून दाखवलं नाही, पण सगळ्यांनी पाहिलं. मग ते म्हणाले, हे संग्रहालय तुमचं आहे, जिल्ह्यातल्या प्रत्येक समाजाची ओळख त्यात दिसली पाहिजे, तुमच्या घरातली एखादी वस्तू द्या.

पाटलाच्या घरून सकाळीच पितळी घंगाळ, धान्य मोजायची पायली आणि शिसवी पाळणा मिळाला होता. आमच्याकडं मात्र पंचाईत झाली. धर्मांतर झालं तेव्हा वाड्यातल्या लोकांनी घरोघरचे देव टोपल्यांत भरून गोदावरीत सोडले होते. त्यांच्याबरोबर हलग्या गेल्या, परड्या गेल्या. आता द्यायचं काय? एकजण म्हणाला, विहाराचा फोटो घ्या. एका बाईनं आपल्या पोराचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट आणून सरांच्या मांडीवर ठेवलं. सरांनी ते नीट वाचलं, तिचं कौतुक केलं, वहीत काहीतरी टिपून घेतलं आणि परत दिलं. मी त्यांच्या हाताखाली तीन-चार महिने काढले होते, त्यामुळं ते कपाटात जाणार नाही हे मला कळलं. "जुनं काही?" त्यांनी पुन्हा विचारलं.

मला ते सहन झालं नाही. पाटलाची पायली काचेत बसणार, तिच्याखाली मी शाईनं पाटलाचं गाव लिहिणार आणि आमच्या नावानं एक रिकामी जागासुद्धा असणार नाही. ह्या रागातच मला आमच्या घरातली दांडी आठवली.

ती दांडी म्हणजे माझ्या आज्याची घुंगरकाठी. आजा गावकीची कामं करायचा. कुणाच्या घरी कुणी वारलं की पावणेरावळ्यांच्या गावी सांगावा घेऊन जायचा, साहेब आला की वर्दी द्यायचा. तो येतोय हे लांबूनच कळावं, कुणाच्या अंगावर सावली पडू नये, म्हणून काठीला घुंगरं. आज्यानंतर ती माझ्या वडलांच्या, म्हणजे बाच्या हातात आली. छप्पन साली गावकी सोडली तेव्हा लोकांनी अशा काठ्या चुलीत घातल्या. बानं घातली नाही. लाकूड पक्कं आहे, म्हणाला. त्यानं सुरीनं दोरी कापून घुंगरं काढली, ती नदीत टाकली आणि काठीच्या दोन्ही टोकांना सुतळी बांधून ती घरात आढ्याला आडवी टांगली. त्या दिवसापासून तिच्यावर आमचे कपडे पडायला लागले. मायचं लुगडं, बाचं धोतर, माझा शाळेचा झगा. मी त्या काठीखाली लहानाची मोठी झाले आणि बरीच वर्षं मला ती निव्वळ कपड्यांची दांडीच वाटत होती.

बाला मी संध्याकाळी विचारलं. त्यानं वर दांडीकडं बघितलं. मग उठून स्वतःच कपडे काढले, सुतळ्या सोडल्या, काठी ओल्या फडक्यानं पुसली.

"घिऊन जा," तो म्हणाला. "पण बराबर लिव्ह. घुंगरं आमी काढली आन् तिच्यावर लेकरायचे कपडे वाळू घातले. एवढं लिव्हशील तर ने, न्हाई तर राहू दे."

मी लिहीन म्हणाले. बा चाळिशीत अक्षरं शिकला होता, विहारातल्या वर्गात, आणि कित्ता म्हणून माझीच वही गिरवायचा. माझ्या अक्षरात आपली गोष्ट लिहिली जाणार याचा त्याला किती आनंद झाला होता ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. मायला तेवढं पटलं नव्हतं. कपडे मंग कशावर टाकू, एवढंच ती म्हणाली.

सरांना काठी बघून हर्ष झाला आणि लगेच ते हिरमुसले. घुंगरं कुठं आहेत, त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं, मान डोलावली आणि मला समजावून सांगितलं की बघणाऱ्याला वस्तू तिच्या मूळ रूपात दिसली पाहिजे, नुसती काठी ठेवली तर ती गुराख्याचीही असू शकते. बोलणं शास्त्राला धरून होतं. माझ्या नोकरीला अजून वर्ष झालं नव्हतं. मी हो म्हणाले. मनाची समजूत घातली की घुंगरं बांधली तरी काय झालं, कार्डावर खरं लिहायचंय ना.

घुंगरं आणायला बाजारात मीच गेले. सराफ्याच्या मागं बैलांचं सामान विकणारी दुकानं होती, तिथून घेतली. दुकानदारानं विचारलं, बैल किती? मी म्हणाले, एक. काठीला दोरीनं बांधून पाहिली, पण लाकूड कपड्यांनी घासून गुळगुळीत झालेलं, घुंगरं घसरायची. मग मी शिपायाकडून पक्कड घेतली आणि तारेनं आवळून टाकली. चांगली घट्ट बसली. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं, हे कबूल करते.

कार्डाचा मजकूर सरांनी सांगितला. घुंगरकाठी. जात महार. गावकीची वर्दी देण्यासाठी वापर. खाली गावाचं नाव. मी म्हणाले, सर, अजून एक ओळ होती. ते म्हणाले, ती गोष्ट फार चांगली आहे, आपण पुस्तिकेत घेऊ. पुस्तिका कधी निघाली नाही. मी बोरू शाईत बुडवला आणि त्या चार ओळी लिहिल्या. अक्षर नेहमीपेक्षा जरा जास्तच देखणं आलं.

उद्घाटनाला बा आला. मी बोलावलं नव्हतं, सरांनी गावाला पत्र टाकलं होतं. पांढरं धोतर, नीळ घातलेला सदरा, बरोबर वाड्यातली चार माणसं. पाटलाचा थोरला मुलगाही आला होता, त्याला पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. बाला दुसऱ्या रांगेत मिळाली, तीही सरांनी स्वतः उठून दिली. भाषणं झाली, सगळ्या समाजांना इथं जागा आहे असं पाहुणे म्हणाले आणि लोक कपाटं बघायला उठले. मी मुद्दाम दाराशी थांबले. मला पळून जावंसं वाटत होतं.

बा बरोबर आमच्या कपाटापाशी गेला. घुंगरं बघून तो थबकला. कार्ड वाचायला लागला, एकेक अक्षर ओठांनी जुळवत. सरांना कळलं की काठी ह्यांच्याच घरची. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी कपाटाचं कुलूप काढलं आणि बाला अगदी आदबीनं म्हणाले, बाबा, काठी हातात घेऊन एक फोटो काढू या. पाटलाचा मुलगा हसत पुढं आला. त्याचा बाप माझ्या आज्याला हाक मारायचा तशाच एकेरी सुरात तो म्हणाला, "चार पावलं चालून दाखव की. आमच्या पोरांनी कुठं बघितलंय."

बानं काठीला हात लावला नाही. त्यानं आधी कार्ड उचललं आणि उलटं करून पाहिलं. मागं कोरं होतं. पुढची ओळ मागच्या बाजूला लिहिली असेल असं त्याला वाटलं होतं. मी ते दारातून पाहिलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कार्ड जागेवर ठेवून त्यानं काठी घेतली. घुंगरं वाजली. फोटोवाला कॅमेरा लावून तयार होता. बाचा अंगठा काठीवरून फिरत गाठ शोधत होता. आज्यापासून ज्या जागी गाठ असायची ती त्याला माहीत होती. बोटाला तार लागली तेव्हा तो थांबला आणि त्यानं सगळ्या माणसांतून माझ्याकडं बघितलं.

"कापता यील अशी दोरी न्हाई घातली," तो म्हणाला. "तार घातली व्हय, बाई."

फोटो निघाला नाही. बानं काठी जपून आत ठेवली, सरांना नमस्कार केला आणि वाड्यातल्या माणसांना घेऊन स्टँडकडं गेला. मी मागं गेले नाही. खोटं कशाला सांगू, मागं जायची माझी छाती झाली नाही.

आठ दिवस मी कसेबसे काढले. नवव्या दिवशी कपाट उघडून पक्कडीनं तारा तोडल्या, घुंगरं टेबलावर ठेवली आणि नवं कार्ड लिहिलं. बानं सांगितलेली ओळ त्यात होती. सरांना दाखवलं. ते रागावले असते तर मी भांडले असते, भांडायला मी तयारच होते. पण ते रागावले नाहीत. त्यांनी कार्ड दोनदा वाचलं. मग हळू आवाजात म्हणाले, मला तुझं दुःख समजतं, पण मग ही संग्रहालयाची वस्तू राहत नाही, ही तुमच्या घरची दांडी आहे. घरी ने. मला कळलं, घुंगरांसकट आम्हाला तिथं जागा होती, घुंगरं काढून नव्हती. सरांनी 'घरी ने' हे इतक्या मायेनं सांगितलं होतं की भांडायला आणलेला राग तिथंच विरला. मी काठी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली. आमच्या काठीच्या जागी दुसऱ्या दिवशी वाघ्या-मुरळीचा पोशाख आला आणि त्यानंतरच्या रविवारी मी काठी एस.टी.च्या टपावर टाकून गावी गेले.

बा अंगणात होता. त्यानं कागद सोडला. लाकडावर तारेचे वळ उमटले होते, पांढरे, खोल. त्यानं त्यांच्यावरून बोट फिरवलं, आत गेला आणि काठी पुन्हा सुतळीनं आढ्याला टांगली. माय ओल्या कपड्यांची बादली घेऊन वाटच बघत होती. मी ते नवं कार्ड त्याच्या हातात दिलं. त्यानं ते वाचलं, सगळं, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि खिशात घातलं.

"मंग आता तिथं आपलं काय हाये?" त्यानं विचारलं.

"काही न्हाई," मी म्हणाले.

"आन् पाट्या कोण लिव्हून राह्यलंय?"

वाघ्या-मुरळीच्या पोशाखाखालचं कार्ड मीच लिहून आले होते. परवा भोकरदनकडची घोंगडी यायची होती, तिचंही मीच लिहिणार होते. नोकरी सोडायचा विचार वाटेत मनात आला होता आणि स्टँडवर उतरेपर्यंत गेलाही होता.

"मीच," मी म्हणाले.

बानं मान हलवली आणि मायच्या हातातलं लुगडं घेऊन दांडीवर पसरायला लागला.