मामंजींचा उकिरडा आणि कमिटीच्या गाड्या

माझ्या सासऱ्यांकडे, म्हणजे मामंजींकडे, पाहुण्यांना अभिमानाने दाखवण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या. एक त्यांची मुलगी सगुणा आणि दुसरा त्यांचा उकिरडा. पहिली माझी बायको झाली. (दुसऱ्याशीही माझी सोयरीक जुळायची आहे, हे लग्नात कुणी सांगितले नव्हते!)

अमरावतीच्या माळीपुऱ्यात, म्हणजे माळ्यांच्या वस्तीत, मामंजींचे घर होते आणि घराला टेकून, थेट रस्त्यावर, पुरुषभर उंचीचा तो उकिरडा. मामंजींचा भाजीचा मळा गावाबाहेर. तिथली वांगी, मेथी, गाजरे सगळी या उकिरड्याच्या जिवावर. शेण, राख, पालापाचोळा असे थरावर थर त्यांनी स्वतःच्या हाताने रचले होते. दारी आलेल्या माणसाला आधी पाणी, मग गूळ आणि मग उकिरडा!

"हात लावून पाहा, जवाईबापू," ते मला पहिल्याच भेटीत म्हणाले होते. "गरम लागते ना? जित्तं हाय ते! आतून शिजून राह्यलं."

मी हात लावला. खरोखरच गरम होते. मी तो हात नंतर तीनदा धुतला आणि ही गोष्ट विसरून गेलो. विसरलो नसतो तर पुढचे काहीच घडले नसते.

दिवाळी झाल्यावर सगुणाला आणायला मी अकोल्याहून निघालो. त्या दिवसांत समुद्रापार कुठेतरी मोठी लढाई जुंपली होती आणि तिकडचा कापूस अडल्यामुळे आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. कोण कुणाशी लढतो आहे हे कुणालाच माहीत नव्हते, पण ही लढाई अशीच चालू दे, असे नवस मात्र घरोघर बोलले जात होते. मी कापसाच्याच गाडीवर बसून अमरावतीला पोचलो. दारात सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले आणि तोंडाला पदर लावला.

"बाप्पा! एका वर्षात पांढरे झाले जवाईबापू?"

मी पागोटे झटकले. कापूस उडाला. सासूबाईंचा जीव भांड्यात पडला, आणि सगुणा आतून खुदकन हसली. तिचे हसू ऐकून मी तिथल्या तिथे मामंजींना म्हणालो, "मामंजी, उद्याच निघावं म्हनतो."

"न्या ना! पोट्टी तुमचीच हाय," मामंजी म्हणाले. मी खूश झालो. "पन हे आधी मळ्यात जाऊ द्या." त्यांनी उकिरड्याकडे बोट केले. "खत पसराले सगुणेसारखा हात नाई कोनाचा. ते काम झालं का तुमी मोकळे."

"मंग नेऊ ना उद्या मळ्यात!"

"कायच्यात नेता? पागोट्यात?"

खरी अडचण तिथेच होती. गावातली एकूण एक बैलगाडी कापसाला जुंपली गेली होती. मी एका गाडीवानाकडे गेलो, तर त्याने मला खालून वरपर्यंत न्याहाळले. "शेन? माहे बैल आता फक्त कापूस वाह्यतेत!" तो म्हणाला. त्याचे बैलसुद्धा माझ्याकडे तसेच पाहत होते.

म्हणजे गाडी नाही म्हणून उकिरडा हलत नाही, उकिरडा हलत नाही म्हणून बायको हलत नाही, आणि बायको हलत नाही म्हणून मी हलत नाही! जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, पण हा ग्रह फारच दिवस एका घरात बसला. सुरुवातीला पुरणपोळी झाली. मग साधी पोळी. मग भाकर आणि झुणका. एके दिवशी सासूबाईंनी झुणक्याऐवजी घागर पुढे केली आणि म्हणाल्या, "बसूनच राह्यले तर दोन घागरी पानी आना ना, जवाईबापू."

मी विहिरीवरून पाणी घेऊन येत होतो तेव्हा दवंडी ऐकू आली.

"आयका हो आयका! शहर कमिटीचा हुकूम! उद्या सकाळी सायेब पाहनीले येनार! रस्त्यावरचे सारे उकिरडे कमिटीच्या गाड्या उचलून नेनार! कोनाले पैसा पडनार नाई! जो लपवीन त्याले दंड!"

(ही शहर कमिटी नवीनच निघाली होती. ती गाव स्वच्छ ठेवणार, दिवे लावणार, आगी विझवणार असे म्हणत. माळीपुऱ्याला तिची आजवर फक्त दवंडी भेटली होती.)

सगळा पुरा दवंडीवाल्याभोवती जमला.

"कुठी नेनार?"

"मले माईत नाई."

"कावून नेनार?"

"तेबी माईत नाई. मले जेवढं सांगतलं तेवढं म्या सांगतलं. समजावून सांगाचा पगार निराळा!" असे म्हणून तो डफ वाजवीत पुढच्या गल्लीत गेला.

मी घागर हवेत उडवायचीच काय ती बाकी होती! कमिटी फुकट उकिरडा नेणार म्हणजे सगुणा मोकळी! मी धावत घरात गेलो. "मामंजी, सुटलो! उकिरडा उद्या जाऊन राह्यला!"

मामंजी मटकन खाली बसले. "जाऊन राह्यला? अन् मळ्यात काय टाकू, जवाईबापू? तुमाले?"

इतक्यात शेजारचे सखारामकाका आत आले. पुऱ्यात कुणाला काही समजले नाही की ते समजावून सांगत आणि मग कुणालाच काही समजत नसे. "फुकट?" ते म्हणाले. "सायेब कदी फुकट काई करते का? अरे, पाह्यलं ना, कापूस कसा उचलला! आदी कोन पुसत होतं कापसाले? आता तिकडं शेनाचा तोटा पडला असन. लढाई सुरू हाय, ढोरं मेली असतीन! हे सारं जहाजात भरून इलायतेले जाते, सांगून ठेवतो!"

हे सगळ्यांना ताबडतोब पटले. मलाही पटले, हे मी लपवत नाही. संध्याकाळपर्यंत माळीपुऱ्यात शेणाचा भाव दुप्पट झाला. (विकणारा कुणी नव्हता, घेणारा कुणी नव्हता, पण भाव दुप्पट झाला.) सखारामकाकांनी स्वतःच्या टीचभर उकिरड्यावर खाट टाकली आणि ते तिच्यावर आजारी असल्यासारखे निजून राहिले.

मामंजी मात्र दारातून उकिरड्याकडे पाहत बसले होते. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, ते पाहून मलाही गलबलून आले. माणूस मळ्यावर जगत होता आणि मळा या ढिगावर.

"जवाईबापू," ते म्हणाले, "हे वाचवा, अन् त्याच दिवशी सगुणेले घिऊन जा. खत मी एकटा पसरीन."

आता बायकोसाठी माणूस काय करत नाही? मी विचार केला. उकिरडा घरात नेता येत नाही. खाटेखाली मावत नाही. पण आज अमरावतीत घरोघर, अंगणोअंगणी, रस्त्यारस्त्याला कशाचे ढीग आहेत?

"कापूस!" मी ओरडलो. "वरून कापूस टाकू! सायेब कापसाच्या ढिगाले हात लावत नाई!"

घरात पहिल्यांदाच सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिले. सगुणानेसुद्धा. तिथेच माझा घात झाला.

कापूस आणायचा कुठून? गाद्या उसवल्या. उशा उसवल्या. रजया उसवल्या. सासूबाई माझ्या गादीपाशी येऊन अडल्या. "जवायाची गादी कशी फाडाची वं माय?"

"फाडा फाडा," मी उदारपणे म्हणालो. त्या रात्री आम्ही सगळे पोत्यांवर कुडकुडत पडलो होतो आणि बाहेर उकिरडा आमच्या पाच गाद्या, तीन रजया पांघरून ऊबदार निजला होता. गाद्यांचा कापूस पिवळट होता म्हणून वरून ताजा, पांढरा कापूस घातला. तो रस्त्यावर गाड्यांतून सांडलेला. मी आणि सगुणाने दिवे लागायच्या आत वेचून आणला. वेचताना ती मला हळूच म्हणाली, "तुमाले अक्कल हाय, हे मी आईले पयलेच सांगतलं होतं." लग्नानंतरचा तो माझ्या आयुष्यातला सर्वात सुखाचा क्षण होय.

सकाळी कडाक्याची थंडी पडली. ढीग असा देखणा दिसत होता की मलाच तो विकत घ्यावासा वाटला. दुर्दैवाने तसा आणखी एका माणसाला वाटला. बाजारातला एक दलाल रस्त्याने चालला होता, तो थबकला.

"कोनाचा माल?"

"माहा," मामंजी म्हणाले. "इकाचा नाई."

वऱ्हाडात त्या हंगामात 'इकाचा नाई' म्हणणारा माणूस दलालाने पहिल्यांदाच पाहिला असावा. त्याला वाटले, या म्हाताऱ्याला भाव चढण्याची आतली खबर आहे. त्याने भाव वाढवला. मामंजींनी मान हलवली. त्याने आणखी वाढवला. लोक जमले. मामंजींची मान हलत राहिली, पण हळूहळू. शेवटी शेवटी तर ती आडवी हलते की उभी, हे सांगणे कठीण झाले!

"मामंजी!" मी त्यांच्या कानात म्हणालो. "खाली काय हाय, याद हाय ना?"

"हाव ना," मामंजी पुटपुटले. "पन मानूस भाव लय चांगला देऊन राह्यला!"

"नमुना तं पाहू द्या," असे म्हणून दलालाने बाही वर केली आणि हात ढिगाकडे नेला. मी झेप घेऊन तो हात धरला. तो सोडवू लागला, मी सोडीना. आम्ही दोघे फुगडीला उभे राहिल्यासारखे दिसत असतानाच कोपऱ्यावरून साहेबाचा घोडा आला. मागे शिरस्तेदार, चार भिस्ती पाण्याच्या पखाली घेऊन, आणि कमिटीच्या रिकाम्या गाड्या.

साहेबाने ढीग पाहिला, समाधानाने मान हलवली आणि घोडा पुढे काढला. जिंकलो! मी सगुणाकडे पाहिले. ती दारात गाठोडे बांधून तयार उभी होती.

नेमका तेव्हा सूर्य घरांच्या वर आला. त्याचे ऊन थेट ढिगावर पडले आणि कापसाच्या मधोमध एक पांढरी, नाजूक रेघ वर चढली. मग दुसरी. मग सगळ्या ढिगातूनच वाफ निघू लागली. जित्तं होतं ते! आतून शिजून राह्यलं होतं!

"आग!" दलाल किंचाळला. "कापसाले आग लागली!"

गवताच्या छपरांच्या पुऱ्यात कापसाला आग! कुणी थांबून विचार केला नाही. बायका घागरी घेऊन धावल्या. सखारामकाका आजारी खाटेवरून टुणकन उठून हंडा घेऊन आले. साहेब ओरडला, "पानी! जल्दी पानी!" आणि चारही भिस्त्यांनी पखाली सोडल्या. मी दोन्ही हात पसरून मध्ये उभा राहिलो. "आग नाई! आग नाई हो!" तर लोक म्हणाले, "बिचारा! जवायाचं डोकं फिरलं धास्तीनं!" आणि त्यांनी माझ्याही अंगावर एक हंडा ओतला.

वाफ आणखी वाढली. लोकांनी आणखी पाणी ओतले. मग ढिगाने एकदा सुस्कारा सोडला आणि तो बसला. कापूस तरंगला, आणि त्याच्याखालून मामंजींची सगळी मेहनत, काळीभोर, पातळ होऊन, रस्त्याने उताराला लागली. ती दलालाच्या पोटऱ्यांपर्यंत चढली. घोडा दोन पावले मागे सरला. मग सगळीकडे शांतता झाली, आणि वास.

"ये क्या है?" साहेबाने विचारले.

मामंजींनी माझ्याकडे बोट दाखवले. "सायेब, हे आमच्या जवायाचं डोकं."

शिरस्तेदार पुण्याकडचे होते. नाकाला उपरणे लावून म्हणाले, "अहो, पण उकिरडा लपवायचा कशाला? आम्ही फुकट नेतच होतो!"

"तेच तं!" मामंजी म्हणाले. "इलायतेले नेऊन राह्यले होते ना?"

"विलायतेला?" शिरस्तेदारांचे उपरणे खाली पडले. "गावाबाहेर खड्डा खणलाय. तिथे टाकणार होतो. त्या भाजीच्या मळ्याच्या बांधाला लागून, विहिरीजवळ चिंचेचं झाड आहे ना, तिथे!"

तो मळा मामंजींचाच होता.

ज्या गाड्यांसाठी मी गावभर पाया पडत फिरलो, त्या गाड्या कमिटी स्वतःहून, फुकट, थेट आमच्या बांधावर पाठवणार होती!

"कचेरीत येऊन विचारायचं तरी!" शिरस्तेदार म्हणाले.

"इचारलं अस्तं," मामंजी म्हणाले, "तं सायबाले समजलं नसतं का, आमच्यापाशी उकिरडा हाय म्हनून?"

शिरस्तेदारांनी हे सगळे साहेबाला समजावून सांगितले. साहेब खूप वेळ हसला. मग माझ्याकडे वळून त्याने काहीतरी हुकूम सोडला. मला वाटले, गेलो तुरुंगात. शिरस्तेदार म्हणाले, "साहेब म्हणतात, हा रस्ता तूच धुऊन काढ. आणि आजपासून माळीपुऱ्याच्या सफाईचा मुकादम तू. उकिरडा कसा लपवतात हे ज्याला कळतं, त्याला तो सापडेलही. पगार कमिटी देईल. राहायचं इथेच."

मी काही बोलणार तोच मामंजी पुढे झाले. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. "मुकादम? म्हंजे पुऱ्यातला सारा उकिरडा गाडीत घालून त्या खड्ड्यावर हेच धाडनार? रोज?"

"रोज."

"माह्या बांधावर?"

म्हणतात ना, बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात. मामंजींच्या उकिरड्याचे एका सकाळीत फिटले! एक गेला, आणि अख्ख्या पुऱ्याचे त्यांना मिळाले.

मी केविलवाणा होऊन सगुणाकडे पाहिले. तिने गाठोडे हळूच सोडले आणि म्हणाली, "आता मले कायले नेता? तुमीच आले ना!"

त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. सासऱ्याच्या इस्टेटीवर घरजावई झालेले मी अनेक पाहिले. सासऱ्याच्या उकिरड्यावर झालेला अख्ख्या वऱ्हाडात मी एकटाच!