वूफरची जागा

आमच्या मालकांचं नाव मी तोंडानं घेत न्हाई, पण आता सांगायलाच बसलेय तर घेते एकदा. चिमाजी. बोरी बुद्रुकचं चिमाजी स्पीकरवालं. नव्वद सालापास्नं पंचक्रोशीत लगीन असो, बारसं असो, कर्णं आमचंच. खोडदला आभाळाकडं तोंड केलेल्या त्या दुर्बिणीच्या मोठ्या छत्र्या हुभ्या राहत व्हत्या, तवा तिथल्या एका लग्नात ह्यांनी चिंचेच्या शेंड्यावर कर्णा बांधला नि आवाज पार नदीपल्याड गेला. त्याच दिवशी ह्यांच्या डोक्यात पक्कं बसलं, की आवाज म्हंजे उंचावरच बांधायचा.

मग आलं डीजे. दोन सालांत आमचं कर्णं भिताडाला टांगलं गेलं. धाकट्या दिरानं चाकणच्या कंपनीत वॉचमनची जागा बघून ठेवली. "काठी घेऊन दारात हुभा राहू? मी?" हे एवढंच म्हणायचं नि कर्ण्यांवरची धूळ पुसत बसायचं. मला राग यायचा, नि कीवबी.

दोन हजार तीन साली जुन्नरच्या कापडवाल्या फतेचंद शेटजींच्या नातवानं, कल्पेशनं, टीव्हीचं दुकान काढायचं ठरवलं. घरी नवीन होम थेटर आणलं व्हतं. पाच बारकं स्पीकर नि एक काळं जड खोकं. त्या खोक्याला सबवूफर म्हणत्यात, ढोलासारखा खालचा आवाज त्यातनं येतो. कल्पेश म्हणाला, "चिमाजीभाऊ, बसवून द्या. आजोबांना आवडलं तर दुकानाची सगळी फिटिंग तुमची. नाही आवडलं तर पुण्याचा माणूस बोलावतो."

बाजारचा दिवस व्हता, म्हणून मीबी संगं गेले. बारकं स्पीकर झ्याक बसलं. मग ह्यांनी काय करावं? ते जड खोकं उचललं नि थेट माळ्यावर चढवलं! पट्टी मारून स्क्रूनं आवळलं, आणि तोंड कुठं, तर खिडकीकडं.

मी म्हणलं, "अवो, आयकायचं घरात हाय का बाजारपेठंत?"

"तू गप गं. एवढी वर्सं काय झक मारली का मी?"

गाणं लावलं. रस्त्यावरची माणसं वर बघाया लागली. शेटजींच्या मंडळी जतनबाई, त्यांचं इस्टीलचं डबं माळ्यावर मांडलेलं, ते ताडताड नाचाया लागलं. आणि सोफ्यावर बसलेल्या शेटजींना ढोल म्हणून काय आयकू येईना.

"चिमाजी," शेटजी उठत म्हणाले, "डबे छान वाजतायत." कल्पेश मोबाईल घेऊन बाहेर गेला. पुण्याला लावला असणार, दुसरं काय. ह्यांचं तोंड माझ्यानं बघवंना. मला तर ती चाकणची काठीच दिसाया लागली.

"खाली घ्या आधी," मी दरडावलं. घाईनं काढताना एक स्क्रू खाली पडला नि गडगडत कुठं गेला देव जाणे. खोकं टेकवायला जागा न्हाई, म्हणून ह्यांनी ते शेटजींच्या सोफ्यावरच ठेवलं. जतनबाई कडाडल्या, "अहो, ती त्यांची बसायची जागा! तिथं खोकं ठेवता?" तोवर मी गुडघ्यावर रांगत स्क्रू हुडकाया लागले व्हते. खोक्याची वायर तशीच जोडलेली, गाणं चालूच. टीव्हीपाशी आवाज मरगळलेला. दाराशी नुसती घुरघुर. पण कपाटाच्या पल्याड कोपऱ्यात गेले नि ढोल थेट छातीत वाजला, अगदी गोल नि मोकळा.

"अवो, हितं या! हितं लई ग्वाड येतंय."

"शेटजींच्या घरात मी रांगू?"

"रांगा! न्हाईतर चाकणला हुभं राहा."

लई लागलं त्यांना ते, मला म्हायतीय. पण बसला माणूस गुडघ्यावर. कुणाम्होरं मान न वाकवणारा, टोपीसकट रांगत कोपऱ्यात आला. आयकलं. मागं गेला, फिरून आला. डोळं मिटून बसला. मग म्हणाला, "भागे, बसायच्या जागी खोकं ठेवलं, तर हितं ग्वाड वाजतंय. मग खोकं हितं ठेवलं, तर बसायच्या जागी ग्वाड वाजंल की! नुसती आदलाबदल."

खोकं कोपऱ्यात गेलं नि शेटजी सोफ्यावर बसलं. गाणं लावलं. शेटजींची बोटं गुडघ्यावर ताल धराया लागली. जतनबाई डब्यांकडं बघत राह्यल्या, एकबी डबा हलला न्हाई. "कल्पेश," शेटजी म्हणाले, "पुण्याला नको म्हणून सांग." स्क्रू काय अजून गावला न्हाई.

तवापास्नं जुन्नर-आंबेगावात ज्याच्या घरी जातील तिथं ह्यांचा पयला सवाल एकच, "तुमी कुठं बसता?" मग तिथं खोकं ठेवायचं नि घरभर रांगायचं. लोकं हसायची. हसंनात का! चाकणचं नाव पुन्हा कुणी काढलं न्हाई.

पाच सालांनी आमच्या घरीबी होम थेटर आलं. वायरी सोडून झाल्या नि ह्यांनी मला इचारलं, "भागे, तू कुठं बसतीस?"

लग्नाला बावीस वर्सं झाली, पण सांगताच येईना. चुलीपाशी उकिडवी, उंबऱ्यात दाणं निवडताना, गोठ्यात धारंला. ते काय बसणं झालं? "मी कवा बसते वो?" म्हणलं.

मला वाटलं हसतील. हसलं न्हाईत. त्यांची सोताची लोखंडी खुर्ची उचलून मधोमध ठेवली, तिच्यावर खोकं ठेवलं, नि आख्खं घर रांगलं. जागा गावली तसं खोकं तिकडं नेलं नि खुर्ची पुसली.

"बस."

मला रडू आवरंना. "तव्यावर भाकरी हाय," मी म्हणलं, "करपंल की."

"करपू दे."

मी बसले.