मस्काची एकादशी

हे माझ्या तोंडून अजून कुणी ऐकलेलं नाही. माझ्या बायकोनं, मंगलनंही नाही, आणि ज्या दोघांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्यांनी तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या शिवारातले नाही — उद्या सकाळी डेअरीवर कॅन घेऊन समोर उभे राहणार नाही. बसा जरा. मला मात्र एका जागी बसून हे सांगता येत नाही. मधेच उठेन, फेऱ्या मारेन, तिकडे लक्ष देऊ नका.

गोष्ट दोन फेरेटांची आहे. हसलात ना? आमची वस्तीही हसली होती.

आमची मुलगी सानिका अवसरीच्या कॉलेजातून इंजिनिअर झाली, पुण्यात नोकरीला लागली आणि तिथल्या फ्लॅटवर तिनं ही जोडी पाळली. लांबट अंगाची, आखूड पायांची, मुंगसाच्या जातीची वाटावीत अशी. पांढरा तो मस्का, वयानं मोठा. तपकिरी ती बुंदी. कंपनीनं तिला ट्रेनिंगसाठी बंगळूरला धाडलं, तेव्हा दोघंही पिंजऱ्यासकट आमच्याकडे वारूळवाडीला आली. शेजारचा बबन पिंजऱ्यात डोकावून म्हणाला, "पावणं लई गोरं हाय राव! मुंगसाला पावडर लावली का काय?" तेव्हापासून वस्तीवर त्यांचं नाव पांढरं मुंगूस. बुंदी तपकिरी असली तरी तीही पांढरं मुंगूसच.

आणि माझे वडील. त्यांना आम्ही दादा म्हणतो. खरं तर ही गोष्ट त्यांची आहे — मी उगाच जनावरांपासून सुरू केली.

दादा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कधी चुकवायची नाही. आम्ही बाकीचे मटण-चिकन खातो, पण आमची सोय गोठ्यामागे. तिथे वेगळी चूल, वेगळं पातेलं, आणि खाऊन झालं की हातपाय धुऊन मगच घरात. उरलंसुरलं घरात आणायचं नाही, फ्रिजमध्ये तर नाहीच. एकादशीला गोठ्यामागेही काही नाही. याचा आम्हाला जाच कधी वाटला नाही. जसं देवघरात चपला घालून जात नाही, तसं हे.

दादांची आठवण म्हणजे पक्की. कुणाची विहीर कुठल्या दुष्काळात खोदली, कुठली गाय कुणाच्या लग्नात व्याली, सगळं तोंडपाठ. विहिरीवरच्या मोटरीच्या खोलीची किल्ली त्यांच्या करदोट्याला. पाण्याची पाळी तेच ठरवणार. टोमॅटोला ड्रिप करू म्हटलं की म्हणायचे, "मुळं आळशी व्हत्यात." मी पन्नाशीला आलेला माणूस, आणि मोटर चालू करायची तर बापाच्या कमरेकडे बघायचं! याचा मला राग होता. हे आत्ताच सांगून ठेवतो. पुढे सांगायचं धाडस होईल न होईल.

तर अशा माणसाला त्या मस्कानं वेड लावलं. आधी "काय ही ब्याद आणली" म्हणून लांब बसायचे. मग एक दिवस तो त्यांच्या बंडीच्या बाहीतून शिरला, गळ्याशी डोकं काढलं आणि माळेचे मणी चाटत बसला. मांस खाणाऱ्या कुळातलं तोंड माळेला लागलं, तरी दादा हलले नाहीत! नुसते हसत राहिले. त्यानंतर सकाळ-संध्याकाळ पिंजऱ्याची जबाबदारी त्यांची. मोकळं सोडायचे, खेळवायचे, परत आत घालून कडी लावायचे. कडी लावली की एकदा ओढून बघायचे — गोठ्याची असो, कणगीची असो, ओढून बघायची त्यांची सवयच होती.

जोवर ती दोघं कुत्र्या-मांजरांना देतात तसले विकतचे कोरडे दाणे खात होती, तोवर सगळं बरं चाललं होतं. पण पुण्याच्या डॉक्टरनं सानिकाला सांगितलं होतं की ही निव्वळ मांसाहारी जात, दाणे बंद करून हळूहळू कच्च्या चिकनवर आणा. ती फोनवर म्हणाली, "पप्पा, तुमच्याकडे चिकनला काय तोटा? तुम्हीच सवय लावा ना." आणि कसं करायचं तेही समजावलं. आधी दाणे कोमट पाण्यात भिजवायचे, त्यात खिम्याचं नुसतं बोट लावायचं. मग दर दोन-चार दिवसांनी थोडं थोडं वाढवायचं. लहानपणी जे खाल्लं तेवढंच त्यांना अन्न वाटतं, दुसरं समोर ठेवलं तर ते खायचं आहे हेच कळत नाही. आणि उपाशी ठेवायचं नाही. मस्काला तर अजिबात नाही, तो म्हातारा आहे. हे तिनं मला दोनदा सांगितलं. मी "हो गं" म्हणालो. दोन्ही वेळा म्हणालो.

आठवडाभर केलंही नीट. पण खिमा फ्रिजमध्ये ठेवता येत नाही, म्हणजे रोज नारायणगावला जायचं आणि चिकनवाल्याकडे चमचाभर खिमा मागायचा. तो दुकानातल्या गिऱ्हाइकांना सांगायचा, "थांबा राव, मुंगसाचा घास बांधतो." टोमॅटोचा तोडा सुरू झालेला. सकाळी क्रेट भरायचे, बाजारात न्यायचे, तिथे दिवस जायचा. मला वैताग आला. मी वासरं तोडली आहेत दुधावरून, करडं तोडली आहेत. दोन दिवस ओरडतात, मग मुकाट चरायला लागतात. भुकेला कोंडा अन् निजेला धोंडा! जगाची रीत ही. या दोघांचे काय वेगळे लाड?

दशमीच्या दिवशी सकाळी मी दाण्यांची पिशवी उचलली, मोकळ्या क्रेटच्या थप्पीखाली लपवली आणि पिंजऱ्यात चिकनचे तुकडे टाकले. त्यांनी वास घेतला. मस्कानं तर त्या तुकड्याला नाकानं ढकलून बाजूला केलं. संध्याकाळपर्यंत तुकडे तसेच.

आणि संध्याकाळी मी काय बघितलं असेल? दादा पिंजऱ्यापाशी उकिडवे बसलेले. माळ पाठीवर टाकलेली, उजव्या हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेली, आणि त्या हातात चिकनचा तुकडा. उभ्या जन्मात त्यांनी मांसाला हात लावला नव्हता! तोंड दुसरीकडे फिरवून ते मस्काला भरवत होते आणि पुटपुटत होते, "खा रं बाळा. खा." त्यानं खाल्लं नाही. त्यांनी नंतर हौदावर हात किती वेळ धुतले — मला ते बघवेना, मी आत निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी एकादशी. रीतीप्रमाणे तुकडे काढून टाकले. आता निदान त्या दिवशी दाणे द्यायला काय हरकत होती? पिशवी हाताच्या अंतरावर होती. पण मला वाटलं, उद्या तुकडे टाकले की कसे तुटून पडतात बघू, आता माघार घेतली तर कालचा दिवस फुकट. दादा म्हणाले, "संपत, ती खात न्हाईत. दानं कुटं ठिवलंस? दे की." मी म्हणालो, "दाणे संपले. आणि एकादशी आहे ना आज? घडू द्या त्यांनाही. तुम्ही राहता दिवसभर, त्यांना काय होतंय?" मंगल हसली. मला माझा विनोद आवडला. दादा हसले नाहीत.

"मुक्या जिवाला कसली रं एकादशी?" एवढंच म्हणाले.

दुपारी त्यांनी मस्काला बाहेर काढलं, मांडीवर घेतलं. तो मलूल होता, तोंडाला लाळ होती. त्यांनी मला हाकही मारली. मी ओट्यावर क्रेट मोजत होतो, म्हणालो, "झोपेत असेल." त्यांनी त्याला आत ठेवलं आणि देवळात भजनाला गेले. मंगल शेतात होती. थोड्या वेळानं मी सहज पिंजऱ्याकडे वळलो, तर मस्का आडवा पडलेला, मागचे पाय ताणलेले. मेला होता. हात लावला तर अजून ऊब होती — म्हणजे मघाशी, हाक आली तेव्हा, जिवंत होता. साखरेचं पाणी तोंडात सोडलं असतं तर? माहीत नाही. विचारणार कुणाला?

त्या क्षणी मला रडू आलं असेल असं तुम्हाला वाटतं? नाही आलं. मला सानिका दिसली. तिनं दोनदा सांगितलं होतं, मी दोनदा हो म्हणालो होतो. मी टोपलं-कुदळ घेतली, मस्काला उसाच्या बांधाला पुरलं आणि वर पाचट ओढलं. थप्पीखालचे दाणे काढून बुंदीला घातले. ती ज्या तऱ्हेनं खात होती ते मी उभा राहून बघितलं. मग पिशवी पुन्हा लपवली, पिंजऱ्याची कडी काढली आणि दार अर्धवट उघडं ठेवलं. बुंदी पोट भरून गोणपाटाखाली झोपली होती, ती कुठे जाणार?

दादा आले तेव्हा मीच म्हणालो, "दादा, कडी उघडी होती. मस्का नाही आत. दुपारी तुम्हीच बाहेर काढला होता ना?"

बस. एवढंच बोललो मी. पुढचं काम गावानं केलं. आमच्याकडे शेजारी ऊस असला आणि एखादं जनावर गेलं, की कोण उलटतपासणी घेतं? बबन बॅटरी घेऊन उसाकडे जाऊन आला आणि सांगू लागला, "सरीत ताजं ठसं हायत, बिबट्याच हाय. भरदिवसा याया लागला आता!" ठसे बबनच्याच कुत्र्याचे असतील. पण बिबट्या म्हटल्यावर प्रश्न मिटला. बायामाणसं पोरांना घरात ओढू लागली. बिबट्याला सगळं पचतं, माझं खोटंही पचलं.

दादा पिंजऱ्यापुढे उभे होते. कडी वर करायचे, खाली करायचे. मग म्हणाले, "मी लावली व्हती वाटतं." वाटतं! त्या माणसाच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. थोड्या वेळानं ते म्हणाले, "नसंल लावली." आणि फोन लाव म्हणाले. स्पीकरवर सानिकाला त्यांनी सांगितलं, "पोरी, माझ्या हातनं चूक झाली. माफ कर." ती रडली आणि म्हणाली, "असू द्या आजोबा, तुमचं वय झालंय." तिनं मोठ्या मनानं माफ केलं त्यांना. मी तिथेच होतो, फोन माझ्याच हातात होता.

त्यानंतर दादा बदलले. कडी लावून घरात आले की परत बघायला जायचे. मंगलला विचारायचे, "मी चहा घेतला का गं?" घेतलेला असायचा, आणि त्यांना ते ठाऊकही असायचं, पण खात्री उरली नव्हती. नारायणगावच्या डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, यांना काही झालेलं नाही, वयाच्या मानानं डोकं उत्तम आहे. दादांचा त्यावर विश्वास बसला नाही. विहिरींच्या गोष्टी सांगायचंही त्यांनी सोडलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "संपतला इचारा."

सानिका ट्रेनिंगहून परतल्यावर बुंदीला पुण्याला घेऊन गेली. तिनं तिला महिनाभरात कच्च्या चिकनवर आणलं — बोटभर खिम्यापासून, जसं मला सांगितलं होतं तसंच. व्हिडिओ पाठवला होता, बुंदी मिटक्या मारत खात होती. दादांनी तो पुन्हा पुन्हा बघितला. मी एकदाच.

आणि दिवाळीनंतर एका सकाळी दादांनी करदोट्याची किल्ली सोडली आणि सगळ्यांसमोर माझ्यापुढे धरली. "मोटर चालू ऱ्हायली अन् इसरलो तर? आता तूच बघ बाबा."

मी म्हणू शकलो असतो ना? तेवढं एक वाक्य. मंगल समोर होती, दादांचा हात पुढे होता. मी किल्ली घेतली. नुसती घेतली नाही — आत कुठेतरी मला बरं वाटलं. त्या उन्हाळ्यात मी टोमॅटोला ड्रिप केलं. माल चांगला आला. दादा बांधावर येऊन बघून गेले, म्हणाले, "तुझंच बरोबर व्हतं रं."

पिंजरा अजून ओट्यावर आहे, रिकामा. सानिकाला तो नेववला नाही आणि मला फेकवत नाही. दादा रोज संध्याकाळी त्याच्यापाशी जातात, कडी लावतात, ओढून बघतात, आणि मला विचारतात, "लागली न्हवं?" मी म्हणतो, "लागली." मग त्यांना बरं वाटतं आणि ते आत येतात.

त्या एकादशीलाही ती लागलेली होती. देवळात जायच्या आधी त्यांनी मस्काला आत ठेवलं, कडी लावली आणि नेहमीसारखी ओढून बघितली. मी ओट्यावरच होतो. मी पाहिलं होतं.