कोनाचा?

माळेकरांचा चेहरा मी एकदाच नीट पाहिला, तोही उलटा. पाय मात्र लख्ख आठवतात. आमच्या डोंबिवलीच्या घरात स्वयंपाकघरावर माळा होता आणि दरवर्षी नवरात्र बसायच्या आधीच्या रविवारी त्या माळ्याच्या तोंडाशी ते दोन पाय लोंबकळत असत. काळे, भेगाळलेले, उजव्या पायाची करंगळी नसलेले. ती कुठे गेली, असं मी लहानपणी विचारलं, तेव्हा "ऱ्हायली कोनाच्या तरी माल्यावर" असं त्यांनी गंभीरपणे सांगितलं होतं. पुढचे दोन दिवस मी स्वयंपाकघरात जेवायला बसले नाही.

त्यांचं खरं आडनाव बिल्डिंगमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. माळे झाडून काढतात म्हणून माळेकर. आंबिवलीकडच्या एका गावातले ते आगरी गृहस्थ, अंगाने इतके काटकुळे की माळ्याच्या दीड हाताच्या तोंडातून सहज आत जात. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मुलीच्या लग्नाची पत्रिका 'श्री. माळेकर' या नावाने दिली, तर हे आहेर घेऊन हजर! नाव चुकलं म्हणून त्यांनी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही.

आई घर काढायला घेई तेव्हा आम्ही सगळे तिच्या हुकुमात असायचो. माळेकर वर बसत, नाकाला निळ्या चौकड्यांचा पंचा बांधत आणि एकेक वस्तू माळ्याच्या तोंडाशी आणून एकच प्रश्न विचारत, "कोनाचा?" वस्तू बादली असो, पिंप असो की मोडकी छत्री, प्रश्न 'कोनाचा?' हाच. व्याकरणाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. खालून कुणीतरी "माझी", "बाबांचा" असं म्हटल्याशिवाय वस्तू खाली येत नसे. आईला घाई असे. ती म्हणे, "अहो माळेकर, टाकायचंच आहे ते, द्या खाली!" त्यावर वरून आवाज येई, "टाकायचा तरी आधी आपला म्हनाया लागतं, वयनी."

या हट्टामागे एक काठी होती. शहाडच्या एका घरातून त्यांनी ती नेली होती. कुणाची म्हणून विचारलं, तर कुणी बोललं नाही. "तीन दिस माझे घरान कोनतरी पाय घाशीत चाललं," ते सांगत. "बायको बोलली, आधी ती काठी देऊन ये." हे परत गेले आणि त्या घराच्या उंबऱ्यात बसून राहिले. शेवटी तिथली म्हातारी "आमच्या ह्यांची" म्हणाली, रडली आणि तिने आपल्या हाताने ती काठी यांना दिली. "मग?" मी विचारलं. "मंग काय, आता माझी हाय. गपचूप ऱ्हाते." आम्ही पोट धरून हसलो. बाबासुद्धा हसले. दादाही हसला होता, त्या वर्षी तो घरात होता.

पुढच्या वर्षी तो नव्हता. त्याने इंजिनीअरिंगचा डिप्लोमा अर्धवट सोडला आणि त्यावरून बाबांशी त्याचं कडाक्याचं वाजलं. "आजपासून तू या घराचा कुणी नाहीस," बाबा म्हणाले, आणि दादाने ते शब्दशः घेतलं. मी नववीत होते. चपला घालताना त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी पुस्तकात डोकं घातलं. नंतर दोन-तीनदा फोन आले. बाबांनी आवाज ऐकताच ते ठेवून दिले, मग यायचेच बंद झाले. दादा कुठे आहे, आहे की नाही, मला आजही माहीत नाही. घरात त्याचं नाव घ्यायचं नाही असा नियम कुणी केला नव्हता, पण आम्ही तिघंही तो पाळत होतो.

त्याचे कपडे बाबांनी काढून टाकले. त्याचा ड्रॉइंगचा मोठा लाकडी बोर्ड मात्र आईने कधीतरी माळ्यावर सरकवला असावा, कारण त्या वर्षी तो माळ्याच्या तोंडाशी आला. "कोनाचा?" बाबा पेपर वाचत होते. आई ओट्याशी ओलं फडकं पिळत होती, पिळून झालं तरी पिळत होती. मला राहवलं नाही. "मागे नाव लिहिलंय ना," मी म्हटलं. "लिवलेला चालत नाय, बाय. तोंडान बोलाया लागतं." कुणीच बोललं नाही. "ऱ्हावू दे मंग वरतीच," माळेकर म्हणाले. "घाई नाय."

पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही. बोर्ड येई, प्रश्न येई, बाबांच्या पेपरचं पान उलटायचं थांबे, आणि बोर्ड परत आत जाई. आम्हाला नवरात्राची चाहूल त्या प्रश्नाने लागायची. आधीच्या आठवड्यापासून आईचं जेवण कमी व्हायचं.

माझं लग्न ठरलं त्या वर्षी मात्र माझं डोकं फिरलं. ठाण्याची मंडळी घर बघायला येणार होती, पडदे धुवायचे होते आणि या घरात पुन्हा ते मुकं नाटक सुरू झालं होतं. "कुणाचा नाही तो!" मी ओरडले. "टाका एकदाचा." वरचे पाय हलायचे थांबले. मग माळेकर खाली वाकले आणि तेव्हा मी त्यांचा चेहरा पाहिला. उलटा, धुळीने माखलेला, डोळे लाल. "असा नको बोलू, बाय," ते हळूच म्हणाले. "ऐकत असतंय." कोण ऐकत असतं, ते विचारायचा धीर मला झाला नाही. बाबा पेपर घडी करून बाल्कनीत गेले. आई त्या दिवशी माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. बाबांचेच शब्द मी बोलले होते, हे मला लग्नानंतर ठाण्यात कळलं, एकटीने भांडी लावताना.

बाबा गेले त्या वर्षी नवरात्राच्या आधी आईचा फोन आला. "रविवारी ये. माळेकर येतील. या वेळी सांगायचंय मला." काय सांगायचंय ते विचारायची गरज नव्हती. मी गेले. आई इस्त्रीची साडी नेसली होती. स्टूल माळ्याखाली मांडून ठेवलं होतं. दोनदा चहा उकळला. एक वाजून गेला तेव्हा खाली चौकशी केली, तर वॉचमन म्हणाला, "ते माळेवाले काका ना? ते गणपतीतच वारले." मी वर येऊन आईला सांगितलं. तिने गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. "आई, मी चढते ना," मी म्हटलं. "मी काढते बोर्ड, मी विचारते." तिने माझ्याकडे पाहिलं. "तू नको विचारूस," ती म्हणाली. एवढंच. इतकी वर्षं जपून ठेवलेलं उत्तर तिने तसंच गिळलं. त्यानंतर सहा वर्षं ती त्या माळ्याखाली स्वयंपाक करत राहिली, पण माळा काढला नाही.

आता आईही नाही आणि बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आहे. शनिवारी किल्ल्या द्यायच्या आहेत. घर रिकामं करायला मी गेला आठवडाभर ठाण्याहून येते आहे. माझी मुलगी फोनवर नियम सांगते, "आई, वर्षभर हात लागला नाही ना, की ती वस्तू सरळ काढायची." या नियमाने आमच्या घरातून एक माणूस केव्हाच काढून झाला आहे, हे तिला माहीत नाही. भांडी, पुस्तकं, साड्या, सगळ्याचे ढीग लागले. माळा तेवढा राहिला होता. काल भर दुपारी शिडी लावून मी चढले.

सगळ्या माळ्यावर बोटभर धूळ. बोर्ड अगदी आत, भिंतीला टेकवलेला आणि निळ्या चौकड्यांच्या पंच्यात गुंडाळून गाठ मारलेला. माळेकरांचा पंचा. त्या काठीनंतर ज्या माणसाने कुठलीच बेवारस वस्तू घरी नेली नाही, तो आपली वस्तू आमच्याकडे ठेवून गेला होता. गाठ सोडली, तर आत धुळीचा कण नव्हता. दादाचं वळणदार अक्षर जसंच्या तसं होतं.

बोर्ड ओढत मी माळ्याच्या तोंडाशी आले आणि पाय खाली सोडून बसले. तिथून सगळं दिसतं. बाबांच्या खुर्चीची जागा, आईचा ओटा, आणि त्या दिवशी मी जिथे उभी राहून ओरडले, ती फरशीही. इतकी वर्षं माळेकर आम्हा तिघांना असे वरून बघत होते. मला फार लाज वाटली.

"कोनाचा?"

प्रश्न कुणी विचारला, ते मला सांगता येणार नाही. माझ्याच तोंडून आला असेल. पण मी 'कुणाचा' म्हणते.

"सुहासचा," मी म्हणाले. इतक्या वर्षांनी ते नाव घेताना जीभ अडखळली. मग मोठ्याने म्हणाले, "माझ्या दादाचा."

आता बोर्ड खाली द्यायला हरकत नव्हती. पण खाली घ्यायला कुणी नव्हतं, म्हणून तो मांडीवर धरून मी तशीच बसून राहिले.