शेवटच्या करंडकाची पोचपावती

माझा मामा फुटबॉल कधीच खेळला नाही. त्याचे तळवे सपाट होते आणि चेंडू अंगावर आला की तो डोळे गच्च मिटायचा. तरीही देशाच्या फुटबॉल करंडकाचा इतिहास जिथे संपतो, तिथे सही त्याची आहे. हे मी कौतुकाने सांगत नाही. त्या सहीने माझ्या मामाची एकतीस वर्षं खाल्ली आणि मला अजूनही त्याचा राग येतो.

तो बाटल्यांच्या कारखान्यात कामाला होता. कारखान्याचा स्वतःचा संघ होता आणि संघाचं सामान मामाकडे असायचं. जर्सी धुवायच्या, बुटांत नाड्या ओवायच्या, कोणाचा मोजा कोणता ते लक्षात ठेवायचं. संघाच्या फोटोत तो नाही, कारण फोटो काढताना सगळ्यांचे कोट धरून तो बाजूला उभा होता.

करंडकाची स्पर्धा त्रेचाळीस वर्षं चालली. कोणीही यावं, हा तिचा पहिला नियम. नावाजलेले संघ आणि अग्निशमन दलाचे, टपाल खात्याचे, कुठल्याशा खाणीचे संघ एकाच पिशवीतल्या चिठ्ठ्यांमधून एकमेकांसमोर यायचे. बरोबरी झाली की सामना पुन्हा. एक उपांत्य सामना चार वेळा खेळावा लागला होता. तोवर समोरच्या बचावपटूच्या कोणत्या पोराला दात येताहेत, हेही सगळ्यांना ठाऊक झालं होतं. पुढे मोठ्या संघांना आठवड्याच्या मधल्या वारी खेळणं जड जाऊ लागलं. त्यांनी राखीव खेळाडू पाठवले, मग राखीवांतलेही राखीव. प्रेक्षक पांगले. करंडकाला आधी एका रंगाच्या कंपनीचं नाव लागलं, मग एका टायरच्या कंपनीचं, मग कोणाचंच नाही. अशा पडत्या काळात एका वर्षी मामाच्या बाटलीवाल्यांनी अंतिम सामना एक-शून्यने जिंकला. चेंडू समोरच्याच एका खेळाडूच्या पाठीवर आपटून जाळ्यात गेला होता.

ही शेवटची फायनल आहे, हे त्या दिवशी कोणालाच माहीत नव्हतं. बाहेर सगळे एकमेकांना खांद्यावर घेऊन नाचत होते. संघाचे सचिव त्या गर्दीत कुठे गडप झाले कोण जाणे, आणि स्पर्धा भरवणाऱ्या फुटबॉल महासंघाच्या माणसाला गाडी गाठायची होती. कागद घेऊन तो कपडे बदलायच्या खोलीत आला, तर तिथे एकटा मामा ओले मोजे मोजत बसलेला. "सही करा," तो म्हणाला. पुढच्या अंतिम सामन्याच्या पंधरा दिवस आधी, पत्र येताच, करंडक घासूनपुसून परत करीन, असं कागदावर लिहिलेलं होतं. मामाने हात पुसले आणि सही केली. एक मोजा कमी भरत होता, त्याचं अर्धं लक्ष तिकडेच होतं.

पुढच्या वर्षी पत्र आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. पेपरात सामन्यांची यादी येईनाशी झाली, पण स्पर्धा बंद झाली असंही कोणी छापलं नाही. तिसऱ्या वर्षी कारखाना बंद पडला, संघ चहूकडे पांगला. करंडक मामाच्या खोलीतच राहिला. तो होता जवळजवळ कमरेइतका उंच, दोन कानांचा, वर झाकण. टेबलाजवळच्या दोन खुर्च्यांपैकी एक त्याची झाली. आम्ही भेटायला गेलो की मी पलंगावर बसायचे आणि करंडक खुर्चीवर, स्वच्छ टॉवेल पांघरून. दर वर्षी पत्राचा महिना आला की मामा तो घासायचा, आणि तो महिनाभर खोलीबाहेर पडायचा ते फक्त किराणा आणायला, तेही दारावर 'दहा मिनिटांत येतो' अशी चिठ्ठी लावून.

कारखान्याच्या उपाहारगृहात पाव भाजणाऱ्या एक बाई होत्या. मामा त्यांना आवडायचा आणि त्याला त्या. कारखाना बंद झाल्यावर त्यांनी समुद्राकाठच्या गावी भट्टी घातली आणि मामाला सरळ विचारलं, येता का? मामा म्हणाला, "कप गेला की येतो." त्यांनी दोन पत्रं पाठवली, तिसरं पाठवलं नाही. त्यांची तरी काय चूक? कोणत्या बाईने एका भांड्यासाठी किती थांबायचं?

माझी आई, म्हणजे त्याची सख्खी बहीण, गेली तेव्हा तो सकाळच्या बसने आला आणि संध्याकाळच्या बसने परत निघाला. मी दारातच त्याला अडवलं. "तिच्यासाठी एक दिवस थांबता येत नाही तुला?"

"खोलीत कोणी नाहीये गं," तो म्हणाला.

"खोलीत कोणी कधीच नसतं, मामा!" मी ओरडले. त्याने छत्री घेतली आणि गेला. त्यानंतर वर्षभर मी त्याला फोन केला नाही, आणि याची मला आजही लाज वाटते.

"तूच का नाही नेऊन देत?" असं मी त्याला अनेकदा विचारलं होतं. तो ताकास तूर लागू द्यायचा नाही. एकदाच बोलला. "मागणं त्यांचं काम. आपण होऊन दिला, तर संपलं की सगळं. पुढची फायनल होत नाही तोवर आपणच जिंकलेले." आपण म्हणे! संघातला एकही माणूस वर्षानुवर्षं त्याच्या दारात फिरकला नव्हता.

गेल्या वर्षी तो जिन्यात पडला. सकाळी पडला तो दुपारी शेजारीण कामावरून येईपर्यंत तिथेच पायरीवर बसून होता. हाक मारायला लाज वाटली, म्हणे. मी त्याला स्वच्छ सांगितलं, आता माझ्याकडे यायचं, माझ्या इमारतीला लिफ्ट आहे, सबबी बंद. गुडघ्याला फडकं गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "कप रीतसर परत केल्याशिवाय मला खोली सोडता यायची नाही. मला पोच पाहिजे." बहात्तर वर्षांच्या माणसाशी काय वाद घालणार? मी गाडी ठरवली.

महासंघाचं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं. टेबलामागे एक तरुण कारकून बाई डबा खात होत्या. त्यांनी घाईघाईने हात पुसले. "हा कप माझ्या जन्माआधीचा आहे," त्या हसून म्हणाल्या. मामा हसला नाही. झाकण, दोन कान, लाकडी बैठक आणि त्रेचाळीस नावं, सगळं त्याने त्यांच्याकडून मोजून घेतलं. मग त्या आतल्या खोलीत गेल्या आणि अर्ध्या तासाने धुळीने माखलेली फाइल घेऊन आल्या.

फाइल वाचताना त्यांचा चेहरा उतरला. "आजोबा," त्या म्हणाल्या, "स्पर्धा बंद करायचा ठराव झाला होता. करंडक शेवटच्या विजेत्यांकडे कायमचा राहील, असंही ठरलं होतं. तुम्हाला तसं कळवलं होतं." फाइलला एक पाकीट टाचलेलं होतं. पत्ता कारखान्याचा. टपालवाल्याने वर 'कारखाना बंद' असा शेरा मारून ते परत पाठवलेलं. अठ्ठावीस वर्षं ते कोणी उघडलंही नव्हतं. कारखान्याच्या त्या फाटकापासून मामाची खोली दोनशे पावलांवर आहे.

बाईंनी पाकीट फोडून पत्र त्याच्या हातात दिलं. तो चष्मा लावून सावकाश वाचत राहिला. चारच ओळी होत्या, पण त्याला बराच वेळ लागला. मला रडू फुटलं, म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी हे चार ओळींचं पत्र पोचलं असतं, तर हा माणूस कुठेही जाऊ शकला असता.

"म्हणजे कप तुमचाच आहे," बाई हळूच म्हणाल्या. "खुशाल घरी न्या. महासंघाला आता तो घेता येत नाही."

"माझा नाही, संघाचा."

"मग संघाकडे द्या."

"संघ कुठेय?" मामाने विचारलं. "आठ जण गेले. बाकीच्यांचा पत्ता नाही. मी तर नुसते कपडे धुवायचो, बाई. मी संघ नव्हे." त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मी या हाताने सही केली होती. घेतला म्हणून सही केली, आता दिला म्हणून सही पाहिजे. मला कोरडे ठराव नकोत."

वरिष्ठ बाहेरगावी गेले होते. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी काहीच मदत केली नाही. शेवटी त्यांनी एक कोरा कागद घेतला. महासंघाचा शिक्का काही त्यांनी मारला नाही. करंडक, झाकणासह, चांगल्या स्थितीत मिळाला, असं लिहून खाली स्वतःचं नाव घातलं आणि सही केली. मामाने कागद दोनदा वाचला, घडी घालून आतल्या खिशात ठेवला आणि बाईंना वाकून नमस्कार केला. करंडकाकडे त्याने वळूनही पाहिलं नाही.

जिना उतरताना त्याने माझा दंड धरला होता. पहिल्या वळणावर तो दम खायला थांबला.

"बिचारी," तो म्हणाला.

"कोण?"

"ती बाई. एवढीशी पोर गं ती. स्वतःच्या नावाने सही करून बसली." त्याने वर, बंद दाराकडे पाहिलं. "आता तिला कुठे जाता यायचं नाही."