कोर्टामागची खानावळ

बी.ए.चा निकाल लागला त्या उन्हाळ्यात मी आणि बाबा बैलगाडीने महाडला गेलो. पोलादपूरहून एसटी होती, पण बाबांना एसटीचं वावडं होतं. "त्यात बसलं का पोटातलं सगलं गळ्याशी येतंय," ते म्हणायचे, "आनि येवढं पळत जाऊन करायचं काय? म्हाड काय पळून चाललंय?" शेजारच्या वाडीतल्या एका काकांची गाडी हिरड्याची पोती घेऊन महाडच्या व्यापाऱ्याकडे निघाली होती. पोत्यांवर घोंगडी पसरून आम्ही बसलो.

आमच्या वाडीतला मी पहिला पदवीधर. ही बातमी ताईला महाडला तिच्या सासरी जाऊन सांगायची, एवढंच आमचं काम होतं. मी पोलादपूरच्या शाळेत जात होतो तेव्हा रोज दुपारी डोंगर उतरून माझी भाकरी घेऊन येणारी ती. तिची स्वतःची शाळा चौथीतच सुटली होती. माझ्या पदवीत तिचा वाटा किती, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

पुण्यात शिकताना मी घड्याळाकडे बघत जेवलो होतो आणि घड्याळाकडे बघत चाललो होतो. त्यामुळे सुरुवातीला त्या गाडीत माझा जीव कासावीस झाला. बैल आपल्या मनाने चालत होते. काका मधेच गाडी थांबवून करवंदीच्या जाळीत शिरले आणि ओंजळभर काळी करवंदं घेऊन आले. सावित्रीकाठी बैलांना पाणी पाजलं, तर बाबांनी तिथेच डुबकी मारून घेतली. घरात दिवसचे दिवस दोन शब्दांवर काढणारे माझे बाबा त्या पोत्यांवर बसून सारखे बोलत होते. हे शेत कुणाचं, या आंब्याला कैरी कशी आंबट, अमक्याच्या लग्नात आमटी कशी करपली होती. हा माणूस इतका खाण्यातला आहे याची मला कल्पनाच नव्हती. मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिलो.

एक गोष्ट मात्र दोघांच्याही मनात होती आणि तिच्यावर कुणी बोलत नव्हतं. आमच्याकडे मुलगी दिल्या घरी बापाने जेवायचं नसतं, तिला मूल होईपर्यंत. पाणीसुद्धा प्यायचं नाही. ताईच्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. दर खेपेला बाबा तिच्या ओट्यावर बसायचे, ख्यालीखुशाली विचारायचे आणि कोरड्या घशाने उठायचे. चार घरांतल्या बायका ते बघायच्या. मागच्या वेळी निघताना ताई मला हळूच म्हणाली होती, "बाबा माझ्या हातचं कधी खातील का रं? का मी अशीच?" पुढचं ती बोलली नव्हती.

महाडात पोचलो तेव्हा दुपार कलली होती आणि गाव झोपलं होतं. बाजारात दुकानांच्या अर्ध्या फळ्या लावलेल्या, आत गादीवर मालक आडवे. एक जण डोळे न उघडताच गिऱ्हाइकाला म्हणाला, "चारला ये." कोर्टाच्या आवारात काळे कोट झाडाला टांगून वकील पान लावत होते. मला हे सगळं अजब वाटलं. बाबा खूश झाले. "बघ, मानसांनी असं ऱ्हावं," ते म्हणाले. "आता पयलं जेवून घेऊ. उपाशी गेलो तर तिच्या जिवाला लागतंय. ढेकर देत बसलं म्हनजे तिला आग्रह करायला जागा नाय."

गाडीवाल्या काकांनी सांगितलं होतं, कोर्टाच्या मागे नवी खानावळ झालीय, दोघी बायका रांधतात. शोधत गेलो. सारवलेली पडवी, भिंतीशी पाट मांडलेले, आतल्या दाराला गोणपाटाचा पडदा. कोर्टात तारखेला आलेली पाच-सात माणसं जेवत होती आणि टक्कल पडलेले एक गृहस्थ वाढत होते. त्यांनी आमच्यापुढे कोलंबीचं कालवण वाढलं. खाडीची कोलंबी, वर कैरीच्या फोडी. सोबत तांदळाची भाकरी.

बाबांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. दुसरा घेतला आणि मान हलवली. मग त्यांनी वाढणाऱ्यांना हाक मारली. "ओ, आत रांधायला कोन हाय? तिला सांगा, डोंगरातला एक म्हातारा म्हनतोय, असं कालवन जल्मात खाल्लं नाय."

ते गृहस्थ आत गेले आणि तव्यावरची टम्म फुगलेली भाकरी घेऊन आले. "आतून सांगितलंय, ही घ्यायचीच."

ती संपते तोवर आणखी एक आली. वाटीत आणखी कोलंबी आली, नुसती निवडलेली, मोठी मोठी. समोर बसलेला तुडील गावचा एक माणूस हे बघत होता. तो म्हणाला, "आमी तारखेतारखेला येतो, आमाला मागून मिलत नाय. आजोबा, आत नातं-बितं हाय का काय तुमचं?"

पडवी हसली. सगळ्यांत मोठ्याने बाबा हसले. "नातं लावून टाकू की! बाय गो, जरा भायेर ये. येवढं खाऊ घातलंस, तुझं तोंड तरी बघू दे."

गोणपाट हलला आणि ताई बाहेर आली.

हातांना पीठ, कपाळावर घाम, पदर खोचलेला. मला आधी वाटलं, उन्हातून आलोय, भलतंच दिसतंय. बाबांच्या बोटांत घास होता, तो तिथेच राहिला. त्यांचा चेहरा मी तसा पूर्वी पाहिला नव्हता आणि पुढेही कधी पाहिला नाही. एकाच वेळी दोन घाव बसले होते. आपण लेकीकडचं जेवलो, पोटभर जेवलो, वर आणखी वाढून घेतलं. आणि आपली लेक, शेतीवाडी असलेल्या घरातली, परक्या पुरुषांना रांधून घालते.

"तुमचा आवाज वळखला मी, बाबा," ताई म्हणाली. "तवाच सांगायला होवं होतं. पन तुमी उठला असता."

तिच्यामागून तिची सासू आली. "मी नको म्हनत होते हिला, असं न सांगता वाढू," ती घाईघाईने म्हणाली. "व्याही, दिवाळीपासनं आमी दोघी हे करतो. मुलगा तिकडं मुंबईत, आमी बसून काय करायचं? लोकांना जेवू घालतो, चोरी नाय करत."

खानावळीत कुणी चावतसुद्धा नव्हतं. शेवटी तुडीलच्या माणसालाच राहवलं नाही. "अवो, येवढं काय त्यात? खानावल म्हनजे काय लेकीचं घर नाय. इथं कोनीबी जेवतो."

"अगदी बरोबर," कोपऱ्यातले एक धोतरवाले म्हणाले. "इथलं अन्न विकतचं. विकतच्या अन्नाला कसला आलाय दोष?"

"व्हय व्याही, तसंच समजा," सासू म्हणाली.

मलाही ते पटलं. मी तर तेच जरा नीट मांडून सांगणार होतो. तेवढ्यात माझी नजर ताईकडे गेली. ती कुणाचंच ऐकत नव्हती. बाबांच्या ताटाकडे बघत होती. ते जेवण खानावळीचं ठरलं, तर चार वर्षांनी बाबांच्या पोटात गेलेलं तिच्या हातचं अन्न तिचं राहत नव्हतं. सगळे जण मिळून बाबांना सोडवत होते आणि तिच्या हातून ते काढून घेत होते.

"नाय," बाबा म्हणाले. "खानावलीचं नाय. लेकीचं जेवलो मी."

सासूने तोंडाला पदर लावला. आता ते उठणार, ताट सारणार, असंच मला वाटलं. मी अर्धा उठलोसुद्धा.

बाबांनी हातातला घास तोंडात घातला. सावकाश चावला, गिळला. मग ताईकडे बघून म्हणाले, "उभी काय गो? भात आन. आनि जरा कालवन घाल वर."

ताई धावतच आत गेली. भात वाढताना तिने इतकी घाई केली की अर्धी शितं ताटाबाहेर पडली. बाबांनी ती वेचून ताटात घेतली. निकालाची बातमी सांगायचं मला सुचलंच नाही, ती तिला संध्याकाळी कळली.

वाडीत परतल्यावर ही गोष्ट बाबांनी स्वतःच आत्याला सांगितली. आत्या कपाळावर हात मारून खाली बसली. "लेकीला पोर नाय, आनि तू जेवून आलास? तिच्या कुशीचं वाटोलं केलंस!"

ताईला पुढेही मूल झालं नाही. आत्या शेवटपर्यंत त्याचा दोष त्या जेवणाला देत राहिली. बाबांनी तिच्याशी कधी वाद घातला नाही. ते दर उन्हाळ्यात महाडला जात, ताईकडे दोन दोन दिवस राहत. परत आले की आत्या दारातच सुरू व्हायची. बाबा पाय धुऊन तिच्यासमोर बसायचे, तिचं सगळं बोलून होऊ द्यायचे, आणि मग शांतपणे म्हणायचे, "या खेपेला खाडीच्या तिसऱ्या केल्या होत्या तिनं गो, शिंपल्यासकट. खोबरं भाजून घातलेलं."